मिडल कॉलिकच्या पुढे, बरोबर तिथेच

मी आतडी शिकवते. म्हणजे अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत माणसाच्या आत काय काय आहे, कसं दुमडून बसलंय आणि त्याला रक्त कुठून येतं, हे नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या मुलामुलींना शिकवणं हा माझा चौदा वर्षांचा धंदा आहे. त्यामुळे या ग्रुपवर कुणी 'माझ्या पोटात गोळा आला' असं लिहिलं की मला पहिला प्रश्न पडतो – नेमका कुठे? भूत, करणी, दृष्ट, बाधा... या सगळ्यावर माझा काडीइतका विश्वास नव्हता. असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसलेली आहे, त्यातले दोघेतिघे इथेही असतील. आता तुम्ही हसा. स्वभाव माझा तापट आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण सगळं त्यावरूनच झालं. आणि उपदेश करायला येणार असाल तर आधी शेवटपर्यंत वाचा, नाहीतर येऊच नका.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आम्ही दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सला राहतो – मी, नवरा महेश आणि दहा वर्षांची मुलगी सई. महेश जबल अलीला एक वेअरहाऊस सांभाळतो, घरापासून पंधरा मिनिटांवर. माझं कॉलेज दुबईच्या पार दुसऱ्या टोकाला, चाळीसेक किलोमीटर. कॉलेजचं नाव सांगणार नाही, हॉस्पिटलचंही नाही, त्यामुळे विचारू नका.

डिसेंबरमध्ये माझे सासरे, नाना, दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर एकटेच आले, सासूबाई गावीच राहिल्या. वय बहात्तर. तासगावच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते, म्हणजे माईकवर 'फलाट क्रमांक तीनवर लागलेली गाडी...' असं नाकातून सांगणारा जो आवाज असतो ना, तो आवाज हे. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी माईक काही सुटला नाही. आमच्या टू बीएचकेमध्ये सकाळी घोषणा व्हायच्या. बाथरूममध्ये सई आहे, अकरा मिनिटं झाली. सूनबाई सात अडतीसला निघाली, आठ मिनिटं लेट. प्रत्येक घोषणा दोनदा. पहिल्यांदा ऐकू आलं नाही असं कुणी म्हणू नये म्हणून.

त्यांची एक आवडती बढाई होती. म्हणायचे, तीस वर्षांत हजारो लोकांचा तळतळाट घेतलाय मी. गाडी चुकली की बायका माझ्या खिडकीशी येऊन बोटं मोडायच्या, तुझं वाटोळं होईल म्हणायच्या. काय झालं माझं? पेन्शन खातोय. असं म्हणून छातीवर थाप मारायचे. त्या छातीतलं हृदय मात्र दोन वर्षांपासून बेताल चाललं होतं, ठोके एकसारखे पडत नव्हते. डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी लावून दिली होती, सकाळ-संध्याकाळ, न चुकता. असं हृदय रक्त नीट ढकलत नाही, रक्त आत साकळतं, गुठळी होते, आणि ती सुटून कुठेही जाऊ शकते. मेंदूत, पायात, आतड्यात. गोळी त्यासाठी.

ती गोळी लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

नानांचं आणि माझं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. मी एम.एस्सी. अॅनाटॉमी, लग्नाआधी सहा वर्षं मेडिकल कॉलेजात डिसेक्शन हॉलला होते. स्थळ म्हणून माझं नाव गेलं तेव्हा नाना म्हणाले होते, प्रेतं फाडणारी मुलगी आपल्या घरात नको. महेशने ऐकलं नाही. त्याचा राग नानांनी महेशवर कधी काढला नाही, माझ्यावर काढला, बारा वर्षं. माझ्या हातचं खायचे नाहीत. गावी गेलो की मी चहा टाकला तर त्यांना नेमका तेव्हाच ॲसिडिटीचा त्रास व्हायचा. इथे आले तर स्वतःची तवा-पळी वेगळी काढून घेतली, स्वतःचं पिठलं स्वतः ढवळत बसायचे, आणि मी किचनमध्ये पाऊल टाकलं की गॅस बंद करून बाजूला उभे राहायचे. जणू मी त्यात काहीतरी टाकणारच आहे.

मी शंभर वेळा सांगितलं की इथे आमच्याकडे प्रेत नाही, प्लॅस्टिकची मॉडेल्स आहेत, चीनहून येतात, धुतली की स्वच्छ. त्यावर ते एकदा म्हणाले, "इथं प्लॅस्टिक असेल. तिकडं सहा वर्षं काय होतं?" होती खरी प्रेतं, हाताळली मी. पण म्हणून काय माझे हात कायमचे बाटले? मी तेव्हा बरंच काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. महेश नेहमीसारखा मधे पडला, जाऊ दे गं, दोन महिन्यांचा प्रश्न आहे म्हणाला. त्याचं ते 'जाऊ दे' मला नानांपेक्षा जास्त डोक्यात जायचं.

तरी मी सोसलं असतं. मोठ्या माणसाने माझ्या हातचं खाल्लं नाही तर तो त्याच्या कर्माने उपाशी. पण सईचं तसं नव्हतं.

जानेवारी लागून शाळा पुन्हा सुरू झाली होती, नाना येऊन एकोणीस दिवस झाले होते. वार बुधवार. दुपारचं प्रॅक्टिकल संपवून मुलं गेली होती आणि मी लॅबमध्ये एकटी मॉडेल्स आवरत होते. लॅब पहिल्या मजल्यावर, दार एकच, ते मी एसीसाठी लावून घेतलेलं. त्या दिवशीचा विषय होता पचनसंस्थेचा रक्तपुरवठा. दरवर्षी मी तो एकाच पद्धतीने शिकवते. म्हणते, महाधमनी हा बिल्डिंगच्या टाकीवरून खाली आलेला मोठा पाइप समजा. त्याला पोटात पुढच्या बाजूने तीन नळ काढलेत. पहिला जठर, यकृत, प्लीहा यांना. तिसरा मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला. आणि मधला, सुपीरियर मेसेंटेरिक आर्टरी, जवळजवळ सगळ्या लहान आतड्याला आणि अर्ध्या मोठ्या आतड्याला. इतकं मोठं घर, आणि नळ एकच. त्या मधल्या नळाला थोडं पुढे गेल्यावर एक फांदी फुटते, तिचं नाव मिडल कॉलिक. वरून सुटून आलेली गुठळी बहुतेक वेळा त्या फांदीच्या जरा पुढे जाऊन अडकते, कारण तिथे नळी बारीक होते. अडकली की पुढचं सगळं आतडं उपाशी. पाच-सहा तासांत काळं पडायला लागतं. मग माणूस जातो. मी मुलांना सांगते की यात एक फसवं लक्षण आहे, ते मरेपर्यंत विसरू नका – माणूस दुखण्याने गडाबडा लोळतो, आणि पोटावर हात ठेवावा तर पोट मऊ. काहीच सापडत नाही. सगळे गॅस म्हणून घरी पाठवतात.

तर ते मॉडेल माझ्या हातात होतं. आतड्यांचं भेंडोळं, त्यावर लाल रंगात काढलेल्या धमन्या. तेवढ्यात सईच्या शाळेतून फोन आला, तिथल्या नर्सचा. स्विमिंगच्या तासाला सईला चक्कर आली होती. पाण्यात नव्हती, काठावर होती, नशीब. साखर कमी झाली होती, ज्यूस दिल्यावर बरी झाली. नर्सने विचारलं की घरी काही प्रॉब्लेम आहे का, कारण डबा भरलेला आहे आणि तिची मैत्रीण सांगतेय की ही चार दिवस डबा कचऱ्यात टाकतेय. मी म्हटलं सईला फोन द्या.

सई हळूच म्हणाली, "मम्मा, प्लीज डोंट गेट मॅड. नाना सेड यू हॅव डेड पीपल्स हँड्स. इफ आय ईट फ्रॉम यू, माय इंटेस्टाइन्स विल रॉट."

मी तिला काय म्हणाले आठवत नाही. काहीतरी गोड बोलले असेन. महेशला फोन लावला, तो लगेच तिला आणायला निघाला. फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात जे काही पेटलं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. माझी मुलगी माझ्या हातचं खायला घाबरते. चार दिवस मी सकाळी साडेपाचला उठून तिच्या आवडीच्या मेथीच्या पुऱ्या, भरली शिमला मिरची, काय काय करतेय, आणि ते पोर उपाशी राहतंय. बाकी बायका रागावल्या की मडकं फुटो, वाटोळं होवो म्हणतात. मला ते येत नाही. मला जे येतं ते मी बोलले. त्या मॉडेलवरच्या लाल धमनीवर अंगठा दाबला, असा दाबला की नख रंगात रुतलं, आणि रिकाम्या लॅबमध्ये मोठ्याने म्हणाले –

"बंद पडो तुमची सुपीरियर मेसेंटेरिक. मिडल कॉलिकच्या पुढे, बरोबर तिथेच. मग कळेल आतडी सडणं म्हणजे काय."

झालं. एवढंच. मग मला माझंच हसू आलं, की शाप देतानासुद्धा परीक्षेतल्या उत्तरासारखा देते. मॉडेल कपाटात ठेवलं, बाकीची मॉडेल्स आवरली आणि पर्स उचलली.

पाच वाजत आले होते, मी पार्किंगमध्ये होते तेव्हा महेशचा फोन आला. सईला घेऊन तो घरी पोचला होता आणि नाना हॉलमध्ये जमिनीवर पडलेले. पोट धरून, गुडघे छातीशी घेऊन. महेशने आजवर वडिलांना कण्हताना ऐकलं नव्हतं, आणि आता ते लहान पोरासारखे ओरडत होते. मला फोनमधून ऐकू येत होतं. मी म्हटलं हॉस्पिटलला ने, मी तिकडेच येते. खरं सांगू? पहिली पाच मिनिटं मला वाटलं, बरं झालं. पिठलं बाधलं असेल. एवढी मी वाईट आहे.

हायवेवर गाड्या मुंगीसारख्या चालल्या होत्या. तासाभराने पोचले. इमर्जन्सीत नाना एका बेडवर, शेजारी महेश, सई कोपऱ्यात खुर्चीवर मोबाइल उलटा धरून बसलेली. ड्युटीवरचा डॉक्टर तरुण होता, आपल्याकडचाच, पण मराठी नव्हे. भला माणूस, पण दमलेला. त्याने पोट दाबून बघितलं होतं, एक्स-रे झाला होता, रक्त पाठवलं होतं. हृदय अनियमित आहे हे ईसीजीत दिसत होतं, पण ते जुनंच, महेशने सांगितलेलं. गोळी चालू आहे असंही महेशने सांगितलेलं. डॉक्टर म्हणाला, गॅस्ट्रायटिस दिसतंय, दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलंय, तासभर ठेवू आणि सोडू.

नर्स कागद भरत होती. तिने विचारलं, दुखायला कधी लागलं? नानांनी डोळे न उघडता सांगितलं, चार दहा. महेश हसला बिचारा, म्हणाला यांना मरतानासुद्धा टाइम बघायची सवय आहे. मी पर्समधून फोन काढला. शाळेचा कॉल चार वाजून पाच मिनिटांनी संपलेला. त्यानंतर महेशला केलेला, चार आठला संपलेला. मी फोन परत पर्समध्ये टाकला. योगायोग, म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

डॉक्टरने जाता जाता पुन्हा एकदा पोटावर हात ठेवला आणि मला म्हणाला, "देखिए मॅडम, पेट एकदम सॉफ्ट है."

आणि तेव्हा नाना बोलले. डोळे मिटलेले, तोंड छताकडे, दोन्ही हात चादरीवर पसरलेले. आवाज तासगाव स्टँडचा, नाकातून, सपाट, कुठल्यातरी गाडीची घोषणा करावी तसा.

"मिडल कॉलिकच्या पुढे, बरोबर तिथेच. मिडल कॉलिकच्या पुढे, बरोबर तिथेच."

दोनदा.

मी बेडचा दांडा धरला. महेशला वाटलं नाना बरळताहेत. डॉक्टर मात्र थबकला, कारण दोन शब्द त्याला कळले होते. त्याने मला विचारलं, अंकल मेडिकल लाइनमध्ये होते का? मी म्हटलं, नाही, बसच्या लाइनमध्ये होते.

नानांनी मग डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. बारा वर्षांत त्यांनी माझ्याकडे रागाने खूप वेळा बघितलंय, मला त्याची सवय होती. हे वेगळं होतं. मी काय केलंय हे माहीत असलेल्या माणसाचं ते बघणं होतं. आणि ती नजर जराही मवाळ नव्हती.

मी खाली वाकले आणि विचारलं, "नाना, गोळी घेताय ना? रक्ताची?"

महेशच म्हणाला, अगं रोज घेतात, मी बघतो की, सकाळ-संध्याकाळ ती डबी काढून. मी म्हटलं ती डबी कुठाय. नानांच्या सदऱ्याच्या खिशातच होती. कप्प्यांची, सकाळ-संध्याकाळ लिहिलेली. उघडली तर सगळ्या कप्प्यांत आवळासुपारी.

मग निघालं सगळं, तुकड्या-तुकड्याने, कळा सोसत. गावातल्या शेजाऱ्याने त्यांना सांगितलं होतं की दुबईत सामानात गोळ्या सापडल्या तर सरळ आत टाकतात. खसखससुद्धा चालत नाही म्हणे. खसखशीचं खरं आहे, ती इथे बंदच आहे, पण त्यावरून या माणसाने गोळ्याही त्याच पंगतीत बसवल्या. डॉक्टरची चिठ्ठी सोबत ठेवली की झालं, हे कुणाला विचारायचं नाही. मुंबईच्या विमानतळावर खसखशीची पुडी आणि दोन महिन्यांच्या गोळ्या एकाच कचरापेटीत टाकल्या आणि मुलाला कळू नये म्हणून डबीत आवळासुपारी भरली. आपल्या भागातून येणारी निम्मी म्हातारी माणसं अशीच घाबरून येतात, कुणी लोणचं टाकतं, कुणी सुंठ. यांनी जीव टाकला. एकोणीस दिवस रक्त पातळ करणारं काहीही त्यांच्या पोटात गेलेलं नव्हतं.

मी डॉक्टरला म्हटलं, सीटी अँजिओ करा, आत्ताच. तो म्हणाला मॅडम, त्यात डाय टोचावा लागतो, आधी किडनीचा रिपोर्ट येऊ द्या, सीनियरना विचारतो, पेट सॉफ्ट आहे. मग मी जो आवाज चढवला तो बाहेर रिसेप्शनपर्यंत गेला असणार. म्हटलं, पोट मऊ आहे म्हणूनच सांगतेय. बेताल हृदय, गोळी बंद, दुखणं मरणाचं आणि पोट मऊ, हे तुमच्याही पुस्तकात होतं. एक तास गेला तर एक हात आतडं जाईल. सिक्युरिटीवाला आला. सई रडायला लागली. महेश 'जाऊ दे' म्हणेल असं मला वाटलं, पण तो या वेळी म्हणाला नाही. तो डॉक्टरसमोर उभा राहिला आणि म्हणाला, ही सांगतेय ते करा.

केलं. स्क्रीनवर सर्जनने आम्हाला दाखवलं. महाधमनीतून निघालेली पांढरी रेघ खाली येतेय, फांदी फुटतेय, आणि त्याच्या बोटभर पुढे रेघ तुटलेली. पुढे काही नाही, काळोख. सर्जन बोट ठेवून सांगत होता की ही मिडल कॉलिक, आणि हे इथे... मी म्हटलं, दिसतंय. माझा अंगठा जिथे होता तिथेच होतं ते. नखभरसुद्धा इकडे-तिकडे नाही.

ऑपरेशन तीन तास चाललं. गुठळी काढली, दोनेक फूट आतडं काळं पडलं होतं ते कापलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडून बाकीचं जिवंत आहे याची खात्री केली. सर्जन म्हणाला, आणखी दोन तास उशीर झाला असता तर काही उरलं नसतं. महेश माझे दोन्ही हात धरून रडला. म्हणाला, तुझ्यामुळे वाचले. मी हात काढून घेतले. त्याला वाटलं मी दमलेय.

आता तुम्ही जे म्हणणार ते सगळं मी स्वतःला म्हणून झालंय. गुठळी तिथेच अडकते, हे मीच शिकवते, मग तिथे अडकली यात नवल काय? गोळ्या बंद होत्या, आज ना उद्या होणारच होतं. वेळ जुळली, जुळते कधीकधी. ते दोन शब्द त्यांनी घरात कधीतरी ऐकले असतील, मी विद्यार्थ्यांशी फोनवर बोलताना. मान्य. मी घरी त्या दिवसांत कुणाशी रक्तपुरवठ्यावर बोलले नव्हते, पण तरी मान्य. 'बरोबर तिथेच' हेही माणूस सहज बोलतो. एकेक करून सगळं मान्य करता येतं, म्हणून मी गप्प बसले होते आणि लिहिणार नव्हते.

पण मग पेजेचा दिवस आला.

आठ-नऊ दिवसांनी त्यांना तोंडाने द्यायला परवानगी मिळाली. पाणी, मग पातळ पेज. हॉस्पिटलचं ते चवहीन सूप त्यांनी थुंकून टाकलं. महेश कामावर होता. मी घरून तांदळाची पेज करून नेली, मीठ घालून, मला आधीच माहीत होतं की ते खाणार नाहीत, पण कर्तव्य म्हणून. सकाळचे अकरा वाजले होते. खिडकीतून ऊन आत आलेलं. खोलीत आम्ही दोघेच. ते अर्धे झाले होते, गालफडं बसलेली, नाकातून नळी काढल्याची खूण अजून ताजी.

डाव्या हातात वाटी, उजव्या हातात चमचा. मी चमचा त्यांच्या ओठांपर्यंत नेला. त्यांनी तोंड उघडलं नाही. माझ्याकडे बघत राहिले. मला राग यायला लागला होता, खोटं कशाला बोलू. एवढं होऊनही हा माणूस... मी चमचा खाली घेणार तेवढ्यात ते बोलले. माईकचा आवाज नव्हता तो. साधा, थकलेला, म्हाताऱ्या माणसाचा.

"खातो मी तुझ्या हातचं. आधी तो अंगठा उचल."

मी माझ्या हातांकडे बघितलं. एक वाटीला, एक चमच्याला. त्यांच्या अंगाला माझा कुठेही स्पर्श नव्हता.

ते म्हणाले, "चार दहाला ठेवलास. अजून काढला नाहीस."

त्या लॅबमध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हतं. दार बंद होतं. अंगठ्याचं मी कुणाला सांगितलं नव्हतं, महेशला नाही, आईला नाही, देवाला नाही, कारण देव मी मानत नाही. तो अंगठा आता कुठे होता आणि तो मी कसा काढायचा, हे चौदा वर्षांत मला कुणी शिकवलं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी म्हणाले, काढला, नाना. चुकले. काढला.

त्यांनी पोटावरच्या टाक्यांकडे बघितलं, जरा वाट बघितली, बस लागली की नाही बघावं तशी. मग तोंड उघडलं. अर्धी वाटी पेज खाल्ली. बारा वर्षांत पहिल्यांदा.

फेब्रुवारीत ते गावी परत गेले, गोळ्यांची चिठ्ठी तीन प्रती काढून सोबत. जाण्याआधी एका सकाळी मी सईला भरवत होते, ती आता माझ्या हातचं खाते, तेव्हा ते शेजारी बसून तिला म्हणाले, तुझ्या आईचे हात चांगले आहेत, जपून असावं एवढंच. सई म्हणाली, "आय नो, नाना." जपून कुणी असावं, हे त्यांनी सांगितलं नाही.

लॅबमधल्या त्या मॉडेलवर माझ्या नखाची खूण अजून आहे, चंद्रकोरीसारखी, तिथला लाल रंग निघून आतलं पांढरं दिसतं. लॅब इन्चार्जने विचारलं तर मी म्हटलं कुणा मुलाने केलं असेल. आता तो विषय आला की मॉडेल मी हातात घेत नाही, पहिल्या बाकावरच्या कुणाला तरी धरायला सांगते. रस्त्यात कुणी आडवी गाडी घातली तर तोंडातल्या तोंडात जे यायचं ते आता गिळते. महेशला यातलं काही माहीत नाही. तो हे वाचेल असं वाटत नाही, आणि वाचलंच तर वाचू दे. हे काय होतं, ते मला सांगता येत नाही. पोटातली प्रत्येक रक्तवाहिनी मला नावानिशी माहीत आहे. माझा शब्द लॅबमधून कुठल्या वाटेने गेला, ती वाट कुठल्याच पुस्तकात नाही.

दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल असतो. महेश बोलतो, सई बोलते, मग नाना म्हणतात, सूनबाईला दे. माझ्याशी ते बोलत नाहीत. फक्त म्हणतात, हात दाखव. शेजारी ताट वाढून ठेवलेलं असतं, आणि माझे हात बघितल्याशिवाय ते घासाला हात लावत नाहीत, असं सासूबाई सांगतात. महेशला वाटतं म्हाताऱ्याची काहीतरी गंमत आहे, तो हसतो.

मी दाखवते. दोन्ही. अंगठे पसरून.